'नातवंडाचं तोंड बघूनच जा' हे वाक्य आता पुरे

दुखणाईताच्या उशाशी बसून 'आता नातवंडाचं तोंड बघूनच जायचं हां' असं म्हणणारी माणसं मनाने वाईट नसतात. तरीही हे वाक्य बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

मला सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, तो आता यकृतात पोचलाय. सध्या आम्ही दोघंही देवगडजवळच्या घरात आहोत. येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग बाबांकडे, आणि मग हमखास हे वाक्य येतं. एकदोघांनी तर बाबांकडून तसं वचनही घेतलंय.

माझी तारीख एप्रिलची आहे. बाबांना कुणी तारीख दिलेली नाही. 'महिन्यांचा हिशोब करा, वर्षांचा नको,' एवढंच डॉक्टर बोलले. मग माझी तारीख त्यांच्या गळ्यात कशाला अडकवायची? ज्या माणसाला घोटभर पेज गिळायला अर्धा तास लागतो, त्याच्यावर आणखी एक काम टाकायचं: अमुक दिवसापर्यंत टिकून दाखव. नाही टिकले तर? मग बारशाला कुणीतरी म्हणणारच, 'बघा ना, थोडक्यात राहिलं हो.' म्हणजे जाणाऱ्याची हार आणि येणाऱ्याच्या पहिल्याच दिवशी हळहळ.

हे वाक्य नुसतं हवेत विरून गेलं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. पण त्यातून निर्णय होतात. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की पहिली केमो आता लागू पडत नाही. दुसरी देता येईल, फार तर काही आठवडे मिळतील, तेही मिळतीलच असं नाही, आणि त्यातला बराच वेळ इस्पितळात जाईल. त्या रात्री घरात जी सभा भरली, तिच्यात औषधाबद्दल कुणी फारसं बोललंच नाही. सगळ्यांचं एकच, 'नातवासाठी घ्या.' (नात असू शकते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पोटात काय आहे ते मला माहीत नाही, 1994 च्या कायद्याने विचारता येत नाही आणि मला विचारायचंही नाही.)

देवगडहून कोल्हापूरला केमोला जाणं म्हणजे काय, हे घाटाखालच्या लोकांना सांगायला नको. नांदगाव, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी. जाताना निदान पोटात काही नसतं. येताना प्रत्येक वळणावर गाडी थांबवायची. त्याआधी बाबा शेक (रेडिएशन) घ्यायला मुंबईत परळला होते तेव्हा कणकवलीहून 'तुतारी' पकडायची, दादरला उतरायचं, तिथून पुढे. आपल्याकडच्या कॅन्सरच्या माणसाचं अर्धं आयुष्य प्रवासातच जातं. बाबा त्या सभेत शेवटी एकच वाक्य बोलले, "माका परत त्या घाटातसून न्हेव नकात." मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. तेव्हापासून मी 'बापाला सोडून देणारी पोर' आहे. परवा एका नातेवाईकांनी फोनवर तोंडावरच तसं म्हटलं, म्हणून ही पोस्ट.

सोडून दिलं म्हणजे काय केलं, ते सांगते. बाबांच्या घशात आता स्टेंट आहे, म्हणजे आतून वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी. तीतून पातळ तेवढं उतरतं. उकड्या तांदळाची पेज, मिक्सरला फिरवलेली आटवल (मऊ खिचडी), कोकमाचं सार. दुखण्यावर मॉर्फिन आहे, गोळ्या कुटून पाण्यातून देतो. दर चार तासांनी, दुखायला लागायची वाट न बघता. सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. आईने रांगोळीच्या वहीत वेळा लिहून ठेवल्यात. बाबा रात्रीचे झोपतात. सकाळी पडवीत बसून कलमांवरच्या मोहराची चौकशी करतात, तुडतुडे किती, फवारणी झाली का, गड्याने पंप नीट धुतला का. एवढं सगळं 'सोडून दिल्यावर' चालू आहे.

या गोळ्या तालुक्यात मिळत नाहीत. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टर आणि मेडिकलवाले मॉर्फिनला इतके बिचकले की बहुतेकांनी ती ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये कायदा सुधारून परवान्यांची भानगड कमी केली, पण ती सुधारणा अजून आमच्या घाटाखाली उतरलेली नाही. माझा भाऊ कागद घेऊन घाट चढतो आणि गोळ्या घेऊन उतरतो. वर लोकांचं, 'सवय लागेल हो.' दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही, आणि ज्या माणसाचे दिवस राहिलेत त्याला कसली सवय लागायची?

केरळात हे वेगळं चालतं. बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं घरच्या घरी सांभाळायची कोझिकोडला 1993 मध्ये काही डॉक्टरांनी सुरुवात केली, मग गावोगावचे साधे लोक शिकून तयार झाले, 2008 मध्ये राज्याने धोरण केलं. तिथे नर्स घरी येते, जखम धुते, औषध बघते, घरच्यांना शिकवते. केरळच्या गाड्या रोज आमच्याच रुळांवरून जातात. नातवंडाच्या वचनात घालवतो त्यातली निम्मी शक्ती लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात मॉर्फिन का नाही, हे विचारण्यात घालवली तर बरं होईल.

आणि एक कागद. बाबांनी लिहून दिलंय की श्वास अडकला तर व्हेंटिलेटर नको, गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात किंवा कोल्हापूरला पळवायचं नाही. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला अशा इच्छापत्राला मान्यता दिली. आधी त्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आम्ही नोटरीकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघून 'बक्षीसपत्र का?' असं विचारलं. बाबांना त्या दिवशी फार हसू आलं.

आता माझ्या बाजूचं. 'तिला काही सांगू नका, पोटुशी आहे' हा या वाक्याचा जुळा भाऊ. यकृतात पसरल्याचा रिपोर्ट घरात सगळ्यांना माहीत होता, मला सोडून. मला काय कळत नव्हतं? आईचा आवाज ऐकला की कळतं. न सांगितल्याने माझं टेन्शन कमी झालं नाही, एकटीचं झालं, एवढंच.

त्यानंतर अंतर ठेवायचे सल्ले. शेक घेतलेल्या माणसाजवळ गरोदर बाईने बसू नये, असं मला शिकलेल्या माणसांनी सांगितलंय. बाहेरून मशीनने शेक दिलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. त्याच्या शेजारी बसा, हात धरा, जेवा. काही थायरॉइडच्या रुग्णांना आयोडीनचं औषध देतात, तेव्हा मात्र गरोदर बाईने काही दिवस लांब राहायचं असतं. केमो चालू असेल तर साधारण 48 तास त्या माणसाची लघवी, उलटी, घामाचे कपडे गरोदर बाईने हाताळू नयेत, दुसऱ्याने हातमोजे घालून करावं. केमो चालू होती तेव्हा ते काम भावाने केलं, मी पंख्याखाली बसून हुकूम सोडले. कॅन्सर लागत नाही, पोटातल्या बाळाला तर नाहीच नाही.

त्या वेळची एक गोष्ट सांगते. भाद्रपदात मला उलट्या चालू होत्या आणि बाबांनाही, केमोच्या. माझ्या डॉक्टरांनी आधी एक गोळी दिली, तिने भागेना तेव्हा ऑन्डेनसेट्रॉन लिहून दिली. घरी आले तर बाबांच्या पिशवीत तीच, त्याच पाकिटातली. आई वैतागून म्हणाली, एकच डबा करते. सकाळी आम्ही दोघं ओटीवर दोन टोकांना आवळासुपारी चघळत बसायचो, आणि कुणाला आधी उठून पळावं लागतं यावर बाबा पैज लावायचे. मला दूर ठेवण्याच्या नादात लोक हेच हिरावून घेणार होते.

पुढे डोहाळे लागले ते तळलेल्या बांगड्याचे. आई ढिम्म तयार होईना, कारण ज्याने आयुष्यभर माशाशिवाय घास घेतला नाही त्याला आता मासा गिळता येत नाही, त्याच्या नाकाखाली तळायचं कसं? बाबांनीच आतून ओरडून सांगितलं, "तळ गो. वास तरी येवंदे." मग आईने तिरफळ लावून तळले. मी पडवीत त्यांच्या समोर बसून खाल्ले. ते प्रत्येक तुकड्यावर मत देत होते, हा बर्फातला, हा ताजा.

'मुलगा झाला तर बाबाच परत आले म्हणायचं,' हेही चालू झालंय, तेही बाबांच्या देखत. आतेने असंच म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "गो, मी अजून हयच आसंय. आदी माका जावक तरी दी." आते रडायला लागली, मग हसली, मग चहा झाला. पण मला यातलं हसणं कमी कळतं. माझं मूल कुणाच्या जागी भरती व्हायला येत नाहीये. त्याला आजोबांचं नाव द्यायचं की नाही ते आम्ही बघू, पण त्याने आजोबा व्हायचं नाही.

डोहाळजेवण करायचं की नाही यावरूनही वाद झाला. घरात असं दुखणं, कसली हिरवी साडी नेसता? गावच्या भटजींना विचारलं तर ते म्हणाले, सुतक लागेपर्यंत सगळं चालतं, आणि लागलं तरी लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं तीनच दिवस. शास्त्र माणसांपेक्षा मोकळं निघालं, हे मला या सगळ्यात आलेलं एक आश्चर्य. ओटी भरली. बाबांनी खुर्चीतूनच माझ्या ओटीत नारळ टाकला, आणि तो आपल्याच माडाचा आहे का हे आधी विचारून घेतलं.

भावाची एक कल्पना होती, बाबांकडून बाळासाठी व्हिडिओ करून घ्यायचे. चांगली कल्पना आहे, फक्त भाबडी आहे. मोबाईल समोर लावला, 'नातवंडाला काहीतरी सांगा' म्हटलं. बाबांनी घसा खाकरला आणि वीस मिनिटं हद्दीबद्दल बोलले. गडगा कुठून कुठे जातो, सातबारा सामाईक कसा राहिला, कुठलं कलम कोणी बांधलं, आणि "फणसाकडचो दगड तेंनी सरकवलेलो हा," हे दोनदा. आशीर्वाद एकही नाही. भाऊ हिरमुसला. मला तो व्हिडिओ फार आवडतो, पण शेजाऱ्यांशी संबंध बिघडतील म्हणून इथे टाकत नाही.

नोकरीचंही लिहायला हवं, कारण बऱ्याच मुली इथेच अडकतात. 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे आहे, पण त्यातली तारखेआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येते. मरणाऱ्या बापाजवळ बसायला मात्र माझ्या नोकरीत कुठलीच रजा नाही. मी सध्या बिनपगारी आहे. ऑफिसातल्या एकाने सुचवलं, डॉक्टरकडून बेडरेस्टचं सर्टिफिकेट आण. आणणार नाही. पोटातल्या बाळाच्या नावावर खोटं दुखणं लिहून घ्यायचं आणि घरातलं खरं दुखणं लपवायचं, हे मला जमायचं नाही.

एप्रिलपर्यंत बाबा असतील का? असले तर आनंद आहे, आणि मला तसं हवंय. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हे हवंसं वाटणं मी त्यांना सांगायला जात नाही, कारण ते ऐकून ते प्रयत्न करतील, आणि प्रयत्न म्हणजे पुन्हा घाट. तेव्हा भेटायला या. येताना नातवंडाचं बोलणं घरी ठेवून या. फवारणीचं बोला, बाजारभावाचं बोला, तात्यांनी कलम विकलं त्याबद्दल तर दोन तास बोलता येईल. संध्याकाळी पाचनंतर या, चारची गोळी तोवर लागलेली असते. फळं आणू नका, गिळता येत नाहीत आणि मग आम्हालाच संपवावी लागतात.

एक काम आहे. बाबांच्या पाठीला लाल चट्टे यायला लागलेत, हवेची गादी हवी आहे, पंपावर चालते ती. देवगड, कणकवली किंवा मालवणच्या बाजूला कुणाकडे वापरून झालेली पडून असेल तर मेसेंजरवर कळवा. पंप चालू हवा, गादीला ठिगळ असलं तरी चालेल. भाऊ रविवारी न्यायला येईल.