अरे बाप्पा, केबल नका हलवू!

नागपूरच्या कळमना मार्केटात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर अडकलं की सगळे केबल हलवत बसतात. काट्याचं वजन ज्यातून येतं तो सिरियल पोर्ट व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेला आहे ना बाप्पा, केबलचा काय दोष? चूक ड्रायव्हरात, म्हणजे तो पोर्ट चालवणाऱ्या प्रोग्रामात आहे. विंडोजमध्ये वाचताना किती थांबायचं ते टाइमआउट ठरवतात; त्यात रीड-इंटरव्हल (दोन बाइटांमधला) टाइमआउट कमाल आणि बाकी दोन्ही रीड टाइमआउट शून्य म्हणजे बफरात (आलेला डेटा साठतो तिथे) असेल तेवढं दे, काहीच नसेल तर शून्य बाइट देऊन लगेच परत ये. इतकं साफ लिहिलेलं असताना हे ड्रायव्हरवाले वाचायची रिक्वेस्ट पेंडिंग ठेवतात! वेट-ऑन-मास्क, म्हणजे मास्कमध्ये सांगितलेली पोर्टवरची घटना घडेपर्यंत थांबायची रिक्वेस्ट, तिचंही तेच. नवा मास्क आला की आधीची थांबलेली रिक्वेस्ट शून्य मास्क देऊन पूर्ण करायलाच हवी, नाहीतर ॲपचा थ्रेड तिथेच लटकतो. त्यात थांबलेली रिक्वेस्ट रद्द करणारा कोड, म्हणजे कॅन्सल रूटीनही नसलं की प्रोसेस मारूनही मरत नाही आणि पोर्ट पुन्हा उघडत नाही. किती वर्षं हेच चालायचं?