जॉन एल्स यांना ऑस्कर मिळालेलं नाही
'ओपनहायमर' चित्रपट येऊन गेल्यापासून एक पोस्ट फिरते आहे: अणुबॉम्ब घडवणारे शास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्यावरच्या 'द डे आफ्टर ट्रिनिटी' या माहितीपटासाठी अमेरिकन माहितीपटकार जॉन एल्स यांना ऑस्कर मिळालं, आणि ओपनहायमर गीतेची ओळ सांगतानाची ती प्रसिद्ध क्लिपही त्यांनीच टिपली.

दोन्ही चूक. माहितीपटाला फक्त नामांकन होतं. क्लिप एनबीसी या अमेरिकन वाहिनीच्या १९६५ च्या कार्यक्रमातली. ओपनहायमर १९६७ मध्ये वारले. एल्स यांचा माहितीपट त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी आला, मग टिपणार कसं?

१९८७ च्या 'आइज ऑन द प्राइझ' या अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरच्या मालिकेचे एल्स सिरीज प्रोड्यूसर आणि कॅमेरामनही होते. मूळ कल्पना मात्र हेन्री हॅम्प्टन यांची. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात एल्स यांनी वर्षानुवर्षं माहितीपट शिकवला. खरं तेवढं नेमकं पोस्टमधून गळलंय.