काय जोडले याइतकेच काय वगळले तेही पाहा

तंत्रज्ञानातली एखादी गोष्ट गाजू लागली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एकाला जग बदलल्याचा साक्षात्कार होतो आणि दुसरा, काहीशा तुच्छतेने, हे सगळे फार पूर्वीच होऊन गेल्याचे पुरावे काढून दाखवतो. दोघेही बहुधा खरेच बोलत असतात. पहिल्याने त्या वस्तूची तुलना स्वतःच्या कालपर्यंतच्या जगण्याशी केलेली असते आणि दुसऱ्याने त्या क्षेत्रातल्या आधीच्या कामाशी. मोजपट्टीच वेगळी असल्यामुळे हा वाद कितीही पुरावे दिले तरी मिटत नाही. मात्र दोघांचेही लक्ष नव्या वस्तूत कशाची भर पडली याकडेच असते. माझ्या मते खरी नवनिर्मिती पुष्कळदा वगळण्यात असते, आणि नेमके तेच जाणकारांच्या डोळ्यांत खुपते.

वर्ल्ड वाइड वेबचे उदाहरण मला यासाठी सर्वांत बोलके वाटते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय भौतिकी संशोधन संस्थेत त्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा दुव्यांनी जोडलेल्या मजकुराची कल्पना मुळीच नवी नव्हती. टेड नेल्सन यांनी ती १९६० च्या दशकात मांडली होती आणि डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिचे प्रात्यक्षिकही करून दाखवले होते. १९९१ मध्ये याच विषयाला वाहिलेल्या परिषदेने वेबवरचा निबंध नाकारला आणि केवळ प्रात्यक्षिकाला परवानगी दिली. आज हे वाचून परीक्षकांना हसणे सोपे आहे, पण तेव्हाच्या निकषांवर वेब खरोखरच मागासलेले दिसत होते. त्या काळच्या काही प्रगत प्रणालींत दुव्यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवली जाई, दुवा दोन्ही बाजूंनी चालत असे आणि मजकूर हलला तरी जोडणी टिकवण्याची सोय असे. वेबमधला दुवा एकतर्फी होता. पलीकडचे पान नाहीसे झाले तर तो सरळ तुटत असे.

ही उणीव वाटते खरी, पण वेबचे सारे सामर्थ्य तिच्यातच होते. दुवा शाबूत राहण्याची हमी सोडून दिल्यामुळे मध्यवर्ती नोंदवहीची गरज उरली नाही, आणि नोंदवही नसल्यामुळे कोणीही, कोणालाही न विचारता, कोणाच्याही पानाकडे बोट दाखवू शकला. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आणि परवानगीचा उरलासुरला प्रश्नही निकालात निघाला. दुव्याची हमी सोडल्याची किंमत मात्र आपण अजून मोजतो आहोत. जुन्या लेखांतले मेलेले दुवे, ‘पान सापडले नाही’ असे सांगणारी ‘४०४’ची पाने आणि हरवलेले संदर्भ हे त्या निर्णयाचेच देणे आहे. म्हणजे तज्ज्ञांनी दाखवलेला दोष खराच होता. त्या दोषाच्या मोबदल्यात काय मिळेल, एवढेच त्यांना दिसले नाही.

अर्थात, काहीही काढून टाकले की नवनिर्मिती झाली, असा याचा अर्थ मुळीच नाही. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोनमधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले आणि त्या निर्णयाला व्यासपीठावरून ‘धैर्य’ असे नाव दिले. त्या धैर्यामुळे ग्राहक कोणत्या जाचातून सुटला, हे मला आजवर समजलेले नाही. याउलट २००१ मध्ये मोठा गाजावाजा करून आलेल्या सेगवे या दुचाकी वाहनाचे स्वतःचा तोल सावरणारे यंत्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने निःसंशय अभिनव होते, पण ते कोणाचीही मोठी अडचण दूर करत नव्हते. माझी कसोटी साधी आहे: लोक अटळ समजून सोसत आलेली कोणती सक्ती या वस्तूने संपवली, आणि त्यासाठी काय सोडले?

मतभेदाचे आणखी एक कारण आहे आणि त्यावर फार कमी बोलले जाते. सक्ती एकाची संपते आणि भुर्दंड दुसऱ्याला पडतो. अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज एप्रिल १९५६ मध्ये ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हा मालाच्या पेट्या काही नव्या नव्हत्या. नवे होते ते ट्रक, क्रेन, जहाज आणि बंदर या सर्वांची रचना त्या पेटीभोवती करणे. आत काय आहे याची पर्वा न करता पेटी उचलता येऊ लागल्यामुळे मालवाहतूक अतिशय स्वस्त झाली. पण एकेक पोते हाताळणाऱ्या गोदी कामगारांचे कामही त्याबरोबर गेले. त्या कामगाराला कोणी नवनिर्मितीचे कौतुक सांगितले असते, तर त्याने ते का ऐकावे?

आज सर्वांत कडवा वाद भाषिक प्रारूपांवर, म्हणजे मजकूर वाचून नवा मजकूर लिहिणाऱ्या संगणकीय प्रणालींवर, चालू आहे, आणि तिथेही चर्चा जुन्याच वळणाने जाते. २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी अशा प्रारूपांसाठी ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडली. तिच्यातली ‘अटेन्शन’ची, म्हणजे मजकुरातल्या कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचे हे ठरवण्याची, कल्पना २०१४ पासून यंत्रानुवादात वापरात होती. नव्या रचनेने शब्दामागून शब्द क्रमाने वाचणारे ‘रिकरंट’ प्रकारचे संगणकीय जाळे वगळले. क्रमाची सक्ती गेल्यामुळे प्रशिक्षणाचे काम एकाच वेळी समांतरपणे चालू शकले आणि प्रचंड मजकुरावर प्रारूपे घडवणे व्यवहार्य झाले. ‘हे यंत्र तर फक्त पुढचा शब्द ओळखते’ हा आक्षेप चुकीचा नाही, पण त्यातून या बदलाचे माप निघत नाही.

इथेही किंमत आहेच. मूळ रचनेत मजकूर दुप्पट झाला की अटेन्शनची आकडेमोड चौपट होते. म्हणूनच २०२३ मधल्या माम्बासारख्या रचना क्रमाने पुढे सरकणारी स्मृती वेगळ्या स्वरूपात परत आणू पाहत आहेत, आणि ते करताना समांतर प्रशिक्षणाची सोयही हातची जाऊ देत नाहीत. त्यांच्यावर ‘जुनेच ते’ असा शिक्का मारण्याची घाई मी तरी करणार नाही. लांबलचक मजकूर हाताळण्याचा खर्च त्या प्रत्यक्ष वापरात किती कमी करतात आणि त्यासाठी अचूकतेत किती तडजोड करावी लागते, एवढे कळले की माझे मत मी ठरवीन.