एका डब्यामागे 415 वॉन

मी सोलमध्ये राहते, आणि पुण्याच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा कोरियन मालिकांवर सुनावणी झाली. आरोपी: ‘ब्रूइंग लव्ह’. काकांचं म्हणणं, नायिका दारूच्या कंपनीची सेल्सवाली, नायक बिअर बनवणारा, बारा भाग नुसते ग्लास भरतायत, आणि खाली ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ अशी पट्टीसुद्धा नाही. मग आत्तेभावाचं ठरलेलं उत्तर: कोरियाकडे बघा, एवढी ढोसतात तरी सॅमसंग काढली, ह्युंदाई काढली. मला दोघांचाही राग येतो. काकांचा जरा जास्त, कारण त्यांनी मालिका पाहिलेली नाही. आत्तेभावानेही पाहिली नसावी.

मालिका ईएनए वाहिनीवर नोव्हेंबर-डिसेंबर 2024 मध्ये येऊन गेली. किम सेजंग सैन्यातून आलेली, विक्रीत कुणाला न हरणारी. ली जोंगवन ब्रूमास्टर, समोरच्याच्या मनातलं नको तितकं जाणवणारा. दिग्दर्शक पार्क सनहो. त्यानेच 2022 मध्ये याच नायिकेला घेऊन ‘बिझनेस प्रपोजल’ केली होती, त्यात ती खाद्यपदार्थांच्या कंपनीत संशोधक होती. प्रेमाचं म्हणाल तर कोण कोणाच्या गळ्यात पडणार हे पहिल्याच भागात कळतं. पण एका तरुणाने स्वतःची छोटी ब्रुअरी चालवावी, ही गोष्टच कोरियात 2002 पर्यंत कायद्यात बसत नव्हती. वर्ल्डकपच्या वर्षी परवानगी मिळाली ती जिथे बनवाल तिथेच विका या अटीवर. बाहेर विकायची मुभा आली 2014 मध्ये. म्हणजे हा नायक 2014 च्या आधी असता तर त्याच्या हातात फार तर एका पबची किल्ली असती.

आणि करही तेवढाच महत्त्वाचा. 2019 पर्यंत बिअरवर 72 टक्के कर, तोही किमतीवर. देशी कंपनीच्या किमतीत जाहिरात, विक्रीचा खर्च, नफा सगळं धरलं जायचं. परदेशी बिअरवर मात्र आयातीच्या वेळच्या किमतीनुसार. म्हणून कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये ‘चार डबे दहा हजार वॉन’ ही पाटी परदेशी डब्यांवर असायची. जानेवारी 2020 पासून बिअरचा कर लिटरवर आला, तेव्हा लिटरला 830.3 वॉन. अर्ध्या लिटरच्या डब्याला 415. मग आत स्वस्त माल घाला नाहीतर महागडे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घाला, सरकारला तेवढेच. छोट्या ब्रुअरींचे डबेही त्या पाटीखाली आले. त्याच वर्षी मे महिन्यात पिठाच्या गिरणीचं अस्वल छापलेली गव्हाची बिअर सीयू या दुकानांच्या साखळीत आली आणि शेल्फ रिकामे झाले. मग बूटपॉलिशच्या ब्रँडचीही काळी बिअर आली. पुढे लोकांना डब्यांचा कंटाळा आला, तो भाग वेगळा.

सोजूवरचा, म्हणजे इथल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या कडक दारूवरचा कर अजूनही किमतीवर आहे, 72 टक्केच, हे आत्तेभावाला सांगू नका.

आता आपल्याकडे बघा. जून 2025 मध्ये महाराष्ट्राने लिटरमागे 260 रुपयांपर्यंत उत्पादनखर्च जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा कर खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला. चांगलं धान्य घ्या, चार महिने जास्त मुरवा, खर्च वाढला की वाढीव खर्चाच्या साडेचारपट सरकारला. अशा गणितात कुठला शहाणा धान्यावर पैसे घालील? पण आपली चर्चा तिथवर पोहोचतच नाही. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र’ या कोटीवर भाषणं झाली, समोरून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं उत्तर आलं, आणि निफाडच्या द्राक्षांची प्रत काय, कुठला रस कुठल्या टाकीत जातो, हे कुणी विचारलं नाही. सगळ्याला एकच शब्द, दारू. (कोरियनमध्येही ‘सुल’ हा एकच शब्द आहे. असू दे.)

ज्याला ग्रुपवर ‘ग्लास भरणं’ म्हणतात त्या कामाकडे जरा जवळून बघू. एल नावाच्या वीस लिटर साध्या बिअरसाठी साधारण पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरड दळायचं; पीठ झालं की पाणी खालीच उतरत नाही. ते 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. चार अंश खाली गेलात तर बिअर पातळ आणि कोरडी, 70 च्या वर गेलात तर गोडसर आणि जड. मग रस गाळून तासभर खळखळून उकळी, आणि झाकण उघडं. झाकण ठेवलं की बाहेर जायचे वायू परत आत ठिबकतात आणि ग्लासात उकडलेल्या कणसाचा वास येतो. उकळल्यावर लगेच वीस अंशांपर्यंत थंड करायचं, नाहीतर यीस्टच्या (आंबवणाऱ्या बुरशीच्या) आधी दुसरेच जंतू जेवायला बसतात. आंबणं संपलंसं वाटलं तरी दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. घाई केली की लोणी लावलेल्या पॉपकॉर्नसारखा वास, तो यीस्टने परत खाऊन टाकायचा असतो. बाकी दिवसभर काम एकच: धुणं. पाइप, टाक्या, व्हॉल्व्ह, परत पाइप. ज्यांच्या घरी इडलीचं पीठ आंबतं त्यांना हे शिकवायला लागू नये. पण आंबवण्याची विद्या स्वयंपाकघरात असली की संस्कार, टाकीत गेली की व्यसन.

आणि ही विद्या दोन्हीकडे राज्यकर्त्यांनीच मारली. जपानी राजवटीत 1934 मध्ये इथे घरगुती दारूचे परवाने बंद झाले, घरी बनवायची मोकळीक थेट 1995 मध्ये. 1965 मध्ये तांदूळ वाचवायला भाताची दारू बंद, म्हणून मक्कोली, ही मूळची भाताची ढवळी दारू, बरीच वर्षं गव्हाच्या पिठाची. आपल्याकडे इंग्रजांनी 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर कायदा आणला. शेजारच्या गोव्याने 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळवून घेतलं. मोहाचं नाव काढलं की आपण अजून नाक मुरडतो.

काकांचं अगदीच चुकतंय असंही नाही, हे कबूल करायला जड जातं. इथल्या टीव्हीवर सिगारेट धूसर करतात, चाकूचं पातंही धूसर करतात, सोजूचा घोट मात्र स्वच्छ दिसतो. सकाळी सात ते रात्री दहा मद्याची जाहिरात नाही, 17 टक्के आणि त्यावर अल्कोहोल असलेल्या मद्याची टीव्हीवर कधीच नाही. सोजू आधी 16.9 वर आणि मग 16 वर उतरला त्यामागे तब्येतीची काळजी किती आणि हा नियम किती, ते ओळखा. तर नायिकेच्या हातातला ग्लास ही जाहिरातच. शिवाय ‘किती पिऊ शकते’ हा तिचा गुण म्हणून दाखवतात, आणि ह्वेशिकला, म्हणजे ऑफिसच्या जेवण-पिण्याला, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत बसून राहणं हाही इथे अजून गुणच धरतात. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इथे 0.03 टक्के आहे. पुण्यातही तेवढीच आहे. फरक इतकाच की इथे पोलीस रात्री अख्खी लेन थांबवून प्रत्येकाला फुंकायला लावतात, आणि म्हणून लोक तेरी, म्हणजे आपली गाडी घरी पोहोचवणारा भाड्याचा ड्रायव्हर, बोलावतात.

इथे कुणी ‘तुमच्या मुंबईत प्यायला परवाना लागतो म्हणे’ असं हसत म्हटलं, की मी लगेच 1949 च्या दारूबंदी कायद्याची वकील होते. त्यांना मी उभी बाटली-आडवी बाटली सांगते: बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडलेली गावं. ग्रुपवर मात्र कोरियाची वकील. ज्या गावाने बाटली आडवी केली त्या गावाला हॉप्सचं कौतुक सांगायला मी कोण, हा प्रश्न सोलमध्ये बसून सुचत नाही, पुण्याला उतरल्यावर सुचतो. मोठ्यांसमोर ग्लास दोन्ही हातांनी धरायची आणि तोंड फिरवून प्यायची इथली सवय माझ्या हातांना आहे, पण पुण्यात मोठ्यांसमोर ग्लासच नसतो.

असो. मी येतेय म्हटल्यावर याच ग्रुपमधून ‘मालिकेतली ती हिरवी बाटली आण’ (म्हणजे सोजू) अशा तीन मागण्या आल्या, त्यातली एक कुणाची ते सांगत नाही. तर हिशेब असा: कस्टमची सूट दोन लिटरची, बाटली 360 मिलिलिटरची, म्हणजे पाच, 1.8 लिटर. मक्कोली मागू नका. ताज्या मक्कोलीत यीस्ट जिवंत असतं, वायू सुटावा म्हणून झाकण मुद्दाम घट्ट नसतं. बॅगेत आडवी झाली की सगळ्या कपड्यांना आंबूस वास. फारच हवी असेल तर पाश्चराइज केलेला डबा आणीन, पण तो फ्रीजमध्ये ठेवा, हळूच उलटा-सुलटा करून गाळ वर आणा, आणि एकदम उघडू नका.