लायसन कोरं कसं ठेवावं

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या माणसाने रोज सकाळी किक मारण्याआधी देवाचे आभार मानावेत, की आपल्याला ब्रिटनमध्ये जन्माला घातलं नाही. तिथे वेगमर्यादा ओलांडली की १०० पौंड दंड आणि वर लायसनवर किमान ३ पॉइंट, म्हणजे गुन्ह्याबद्दल मांडले जाणारे वाईट गुण. हातात मोबाइल सापडला तर एकदम ६. तीन वर्षांत १२ झाले की निदान सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. नव्याने लायसन काढलेल्या पोराला तर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंटांवरच नारळ. जर्मनीत फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावी एक सरकारी कचेरी अख्ख्या देशाच्या पॉइंटांचा हिशेब ठेवत बसलेली असते. ८ भरले की लायसन जमा. दुबईत २४ काळ्या पॉइंटांवर तीच गत. तिथे नोकरीला असलेला भाचा सुट्टीवर घरी आला की पहिल्याच संध्याकाळी मामाची बुलेट राँग साइडने का काढतो, हे आता लक्षात आलं असेल. वर्षभर दाबून ठेवलेलं असतं बिचाऱ्याने.

आपल्याकडे हा जाच नाही. म्हणजे येणार होता. २०१४ साली केंद्र सरकारने रस्ता वाहतूक आणि सुरक्षा विधेयकाचा जो मसुदा काढला, त्यात पॉइंट होते. मसुदा मसुदाच राहिला. २०१९ चा सुधारित मोटार वाहन कायदा आला, त्यात दंड सणसणीत वाढले, पॉइंट मात्र गळले. ते वाढीव दंडही देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले, आणि आपल्या राज्याने मात्र डिसेंबर २०२१ उजाडेपर्यंत दम धरला. जनतेची इतकी काळजी कोण करतं हल्ली?

तर लायसन कोरं ठेवण्याचं मूळ सूत्र एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे: कॅमेऱ्याचं चलान गाडीला लागतं, तुम्हाला नाही. कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते. प्लेटच्या वर बसून डावा खांदा आणि कान यांच्या मध्ये फोन धरून ‘हां, पाचच मिनिटांत पोचतो’ म्हणणारा इसम त्याला दिसत असला तरी ओळखू येत नाही. सिग्नल गाडीने तोडला, ट्रिपल सीट गाडी बसली, नो पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली. तुम्ही फक्त तिथे होतात.

म्हणून पहिली गोष्ट, गाडी स्वतःच्या नावावर घेऊ नका. वडिलांच्या नावावर घ्या आणि पुण्यात चालवा. मग होतं काय, की तुम्ही कर्वे रोडला सिग्नल तोडता आणि मेसेज इस्लामपूरला वाजतो. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून, फोन हातभर लांब धरून वाचतात: वाहन क्रमांक अमुक, विनाहेल्मेट, रुपये ५००. त्यांना आधी वाटतं बँकेतून पैसे गेले. मग वाटतं जमा झाले. मग शेजारच्या पोराला बोलावतात. तो वेबसाइट उघडतो, गाडीचा नंबर टाकतो, चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात म्हणून आरसी बुक शोधायला कपाट उपसलं जातं, आणि शेवटी पडद्यावर फोटो येतो. फोटोत तुमची पाठ, मागे बसलेल्या मुलीची पाठ आणि तिची गुलाबी सॅक. आप्पांना चलानाचं काहीच वाटत नाही. ‘ही कोण?’ एवढंच विचारायला ते फोन करतात. हा एक धोका या पद्धतीत आहे, तो पत्करायची तयारी ठेवा. लायसनला मात्र ओरखडाही नाही.

कुणी शहाणा सांगेल, की कायद्यात कलम १३३ आहे, गाडी कोण चालवत होतं हे मालकाला सांगावं लागतं. बरोबर आहे. पण पोलिसाने विचारलं तर. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यात गाडी सापडली की तोच प्रश्न मालकाच्या घरी पत्राने येऊन पडतो, २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर त्याचेच ६ पॉइंट. आपल्याकडे इतकं खोदून कुणी विचारत नाही. संस्कृतीचा फरक आहे.

जुनी गाडी विकायची असेल तर त्यातही पुण्य कमावता येतं. एजंट २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतो, ‘साहेब, टेन्शन घेऊ नका, आठवड्यात नाव बदलून देतो’ म्हणतो. टेन्शन घेऊ नकाच. घेणारा ती गाडी पुढची कित्येक वर्षं तुमच्याच नावावर चालवेल आणि तुमच्या मोबाइलवर त्याचा दिनक्रम येत राहील: सकाळी नो एंट्री, दुपारी झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे, शनिवारी रात्री द्रुतगती मार्गावर अतिवेग, २००० रुपये. त्याचं लायसन कोरं, तुमचंही कोरं.

प्लेटचं काय करायचं, हे या राज्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ४१४१ चं ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ करण्याची कला आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. ८०५५ वाल्याला तर इंग्रजीही येतं. सरकारने मध्येच उच्च सुरक्षा नंबर प्लेटचं खूळ काढलं, २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची केली, आणि मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. ज्यांनी पहिल्याच तारखेला धावत जाऊन ती बसवली, त्यांची मला खरंच दया येते. आता त्यांची प्लेट कॅमेऱ्याला स्वच्छ वाचता येते.

खरा धोका कॅमेऱ्याचा नाही, चौकातल्या मामांचा आहे. हा जिवंत माणूस गाडीकडे न बघता थेट तुमच्याकडे बघतो आणि लायसन मागतो. कागदावर त्याच्या मागे बराच दारूगोळा आहे. हेल्मेट नसेल तर ५०० रुपयांबरोबर तीन महिने लायसन निलंबित करण्याची सोय कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगून ठेवलंय, की लाल सिग्नल तोडणं, अतिवेग, चालवताना मोबाइल, दारू पिऊन चालवणं, जादा माल भरणं, मालवाहू वाहनात माणसं कोंबणं, यांतलं काहीही केलं तर किमान तीन महिने निलंबन. घाबरू नका. निलंबनात लायसन जातं, किल्ली तुमच्याच खिशात राहते. गाडी लायसनवर थोडीच चालते, पेट्रोलवर चालते.

तरीही सावध राहिलेलं बरं, म्हणून हेल्मेट जवळ असावं. कोपरात अडकवलेलं उत्तम. चौकाच्या शंभर फूट अलीकडे, एका हाताने हँडल सांभाळत, ते डोक्यावर चढवायचं आणि चौक ओलांडला की उतरवायचं. पट्टा लावत बसू नका, तेवढा वेळ नसतो. यात तोल जाऊन पडलात तर नेमकं तेव्हाच हेल्मेट डोक्यावर असण्याची शक्यता निम्मी, हेही काही कमी नाही.

दंड भरायची घाई नको. नो पार्किंगचे पहिल्यांदा ५००, पुढच्या खेपेला १५००, असे साचू द्या. लोकअदालत लागते, तिथे तडजोड होते, असं ऐकून अर्धा जिल्हा थांबलेला आहे. तुम्हीच पुढे जाऊन रांग मोडू नका. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून ‘तुमचं चलान बाकी आहे’ म्हणून एपीके फाइल आली तर ती ताबडतोब उघडा. सरकारच्या अधिकृत साइटवर तीन वर्षं न भरलेले ५०० रुपये आणि खात्यातलं बाकीचं सगळं एका मिनिटात जातं. इतकी तत्पर सेवा सरकारला कधी जमली नाही.

एक कलम मात्र कायद्यात चुकून राहून गेलंय, १९९-अ. अल्पवयीन पोराच्या हातून गुन्हा घडला की पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. इथे गाडीवर ढकलून भागत नाही, घरातला माणूस धरतात. म्हणून नववीतल्या चिरंजीवांना क्लासला स्कूटरवर पाठवताना ‘मेन रोडने जाऊ नकोस’ एवढं सांगायला विसरू नका.

आता भविष्याचं बघू. पॉइंट आणण्याची बातमी अधूनमधून छापून येतेच, एखाद्या दिवशी ती खरी ठरेल. तेव्हा घरात एक-दोन निष्कलंक लायसनं हाताशी हवीत, ज्यांच्यावर आपले पॉइंट टाकता येतील. कल्पना माझी नाही, ब्रिटनची आहे. ख्रिस ह्यून नावाच्या नेत्याची गाडी २००३ मध्ये वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यात सापडली. पॉइंट बायकोने, विकी प्राइसने, स्वतःच्या लायसनवर घेतले. साहेब पुढे मंत्री झाले. मग लग्न मोडलं, आणि बाईंनी ती गोष्ट वर्तमानपत्राच्या कानावर घातली. २०१२ मध्ये मंत्रिपद गेलं, २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. तीन पॉइंटांसाठी!

त्यामुळे बायको, मेहुणा, भागीदार ही माणसं या कामाला बाद. आजी घ्या. तिचं लायसन आत्ताच काढून ठेवा. चाळिशीच्या पुढे डॉक्टरांच्या सहीचा १-अ फॉर्म लागतो; डॉक्टर ओळखीचे आहेतच. चाचणीला आठ काढून दाखवावा लागतो, त्याचं एजंटशी बोलून घ्या.