‘कमी बिट म्हणजे फसवणूक’ : एका फॉरवर्डला उत्तर

एक मजकूर सध्या फिरतोय. दावा असा : एआय चिपवाल्यांनी ३२ बिटांचा प्रमाणित आकडा सोडून १६, ८ आणि आता ४ बिटांचे घरगुती फॉरमॅट काढले, बिट निम्मे म्हणजे अचूकताही निम्मी, उद्या बँकेचे हिशेबही बिघडतील, आणि हा सगळा खटाटोप वेगाचे आकडे फुगवण्यासाठी. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचं बघू.

‘बिट निम्मे, अचूकता निम्मी.’ बिट किती यापेक्षा ते वाटले कसे, हे महत्त्वाचं. एक बिट चिन्हाचा, काही घातांकाचे (दोनचा कितवा घात ते), उरलेले मँटिसाचे (आकड्यातले प्रत्यक्ष अंक). घातांकावर आवाका ठरतो, मँटिसावर बारकावा. ३२ बिटांत ही वाटणी १-८-२३. प्रमाणित १६ बिटांत १-५-१० : कमाल आकडा ६५५०४, त्यापुढे थेट अनंत. मॉडेल शिकवताना ग्रेडियंट (मॉडेलमधला प्रत्येक आकडा किती बदलायचा ते सांगणाऱ्या संख्या) इतके बारीक होतात की या फॉरमॅटमध्ये त्यांचं शून्य होतं. म्हणून लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) आधी मोठ्या संख्येने गुणायचा, नंतर ग्रेडियंटना तिनेच भागायचं, ही कसरत. गूगलच्या बीफ्लोट१६ने तेच १६ बिट १-८-७ असे वाटले. बारकावा घटला, पण आवाका ३२ बिटांएवढा झाला आणि ही कसरत बहुतेक वेळा टळली. म्हणजे इथे जास्त बारीक असलेला प्रमाणित फॉरमॅटच जास्त छळतो!

शिवाय सिलिकॉनचा हिशेब वेगळाच. गुणाकारात घातांकांची नुसती बेरीज होते. खरी जागा खातो तो मँटिसाचा गुणाकार, आणि ती साधारण रुंदीच्या वर्गाने वाढते. अध्याहृत १ (मँटिसाआधी न लिहिता गृहीत असलेला) धरून ३२ बिटांत २४×२४ म्हणजे ५७६, प्रमाणित १६ बिटांत १२१, बीफ्लोट१६मध्ये फक्त ६४.

‘मग सगळं गणित ढोबळच.’ सगळं नाही. बीफ्लोट१६मध्ये २५६ अधिक १ याचं उत्तर २५६च येतं, कारण २५७ त्यात बसतच नाही. एकेक मिळवत हजारापर्यंत जायचं म्हटलं तर बेरीज तिथेच अडकून बसेल. हे डिझाइन करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून गुणाकार लहान फॉरमॅटमध्ये आणि बेरीज सहसा ३२ बिटांत करतात.

‘प्रमाण मोडलं.’ हे प्रमाण, म्हणजे आयईईई ७५४, आलं १९८५ मध्ये. इंटेलचा ८०८७ हा असं गणित करणारा चिप त्याच्या आधीचा, १९८० चा. आयबीएमच्या मेनफ्रेमचा घातांक तर १६च्या पायावर चालायचा. म्हणजे घरगुती फॉरमॅट प्रमाणाच्या आधीपासूनचे. ८ बिटांच्या ई४एम३मध्ये (घातांक ४, मँटिसा ३ बिट) अनंताला जागाच ठेवलेली नाही, हे खरं. पण त्यामुळे कमाल आकडा २४० वरून ४४८ वर गेला. आठच बिट हातात असताना मीही हेच केलं असतं.

बँकेचे हिशेब बिघडतील ही भीती तर अस्थानीच. ०.१ हा आकडा ६४ बिटांतही नेमका बसत नाही. पैशांसाठी दशमान किंवा पूर्णांक वापरतात ते त्यामुळेच.

राहिला वेगाचा मुद्दा. नव्या चिपचा ४ बिटांचा वेग जुनीच्या ८ बिटांच्या वेगाशेजारी एकाच आलेखात मांडणं ही चलाखीच आहे, त्यावर वाद नाही. असा आलेख दिसला की आधी तळटीप वाचा.