बुधवारी मी ओट्यापाशी जात नाही

बुधवारी मला ऑफिसातून निघायलाच साडेसहा होतात. डोंबिवलीला उतरून घर गाठेपर्यंत आठ वाजून जातात. म्हणून गेल्या जूनपासून बुधवारचं रात्रीचं जेवण आमच्याकडे मुलं करतात. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी नऊची. हे कुठेही सांगितलं की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. "किती गोड!" नाहीतर "अगंबाई, गॅसपाशी?" दोन्हींचा सारखाच वैताग येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गोड वगैरे काही नाही. पहिल्या बुधवारी मुगाची खिचडी ठरली होती. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, पाणी किती, फोडणी कशी, सगळं आदल्या रात्री दाखवून झालं होतं. पठ्ठ्याने झाकणाला रिंगच लावली नाही. वाफ बाजूने जात राहिली आणि हा हॉलमध्ये तीन शिट्ट्यांची वाट बघत बसला. करपल्याचा वास मला जिन्यातच आला. वरवरची खिचडी काढून पाच जणांनी दह्याबरोबर खाल्ली. कुकर मात्र त्यानेच घासला. रात्रभर पाणी घालून ठेवला, सकाळी शाळेआधी घासला, संध्याकाळी परत घासला. रिंग त्यानंतर एकदाही विसरलेला नाही.

उन्हाळी शिबिरांत 'विनाअग्नी पाककला' असते बघा. भेळ, सँडविच, बिस्किटांचा केक आणि शेवटी प्रमाणपत्र. असू दे, मुलं रमतात. पण कांदा कुणीतरी चिरून दिलेला, शेव मोजून ठेवलेली आणि मागचा पसारा आवरायला एक ताई, याला स्वयंपाक म्हणायला माझी जीभ वळत नाही. पदार्थ काय, यूट्यूब लावून कुणालाही जमतो. घरात डोकं खातो तो 'आज काय करायचं' हा प्रश्न. फ्रिजमध्ये काय उरलंय, कुठली पालेभाजी आज केली नाही तर उद्या टाकावी लागेल, सकाळचा भात कुणी संपवायचा, सासूबाईंना काय चावेल. आमच्या लेडीज डब्यात शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढून लोक कौतुकाने टाकतात. त्या बायका हाताने मेथी निवडत असतात आणि डोक्याने उद्याचा डबा ठरवत असतात, ते फोटोत येत नाही.

मुलांना नेमका हाच प्रश्न द्यायला हवा, असं माझं मत आहे. पाककृती नंतर येईल. आणि ही काही मी काढलेली टूम नाही. 1937च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताने काम करत शिकण्याची, शाळा उभी राहिली, तिथे स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग होता. आपण तो शाळेतून काढला आणि घरातूनही काढला.

चौथ्या की पाचव्या बुधवारी दुपारी चारला फोन आला. "आई, आज काय करू?" म्हटलं, "तू बघ बाबा, मी ऑफिसात आहे." फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी त्याने छोले ठरवले. न भिजवलेले कोरडे छोले, संध्याकाळी पाच वाजता. सासूबाईंना दिसत होतं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं मीच त्यांना बजावलेलं. आठ शिट्ट्या झाल्या तरी छोले खडे ते खडेच. शेवटी पिठलं-भात झाला, नऊ वाजता. आता मंगळवारी झोपायच्या आधी तो डबे उघडून बघतो. बुधवारचं जेवण मंगळवारी रात्री सुरू होतं, ही गोष्ट माझ्या नवऱ्याला लग्नाला सोळा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हती.

सासूबाईंचा आक्षेप वेगळाच होता. "मुलीला शिकव, तिला पुढे उपयोगी पडेल. त्याला कशाला?" सरकारने 2019 साली लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली होती, अगदी सहा वर्षांच्या मुलांपासून. घरच्या बिनपगारी कामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात 81 निघाल्या, पुरुष 26. जे पुरुष करतात त्यांची दिवसाला सरासरी 97 मिनिटं, बायकांची 299. आकडे सासूबाईंना वाचून दाखवले. "त्यात काय नवीन?" म्हणाल्या. खरंच आहे, त्यांना काय नवीन असणार!

आता गॅस. भीती मलाही वाटते. धाकटीला अजून शेगडी नाही, तिच्याकडे कोशिंबीर, लसूण सोलणं आणि पानं वाढणं. तळण दोघांनाही बंद. तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी अजिबात ओतायचं नाही, हे दोघांकडून घोकून घेतलंय. आजी हॉलमध्ये असतातच. तरी एकदा झाकण काढताना वाफेने थोरल्याचं मनगट भाजलं. आजी टूथपेस्ट घेऊन धावल्या, पण त्याने आधीच हात नळाखाली धरला होता. वीस मिनिटं गार पाणी सोडायचं, हे सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या बुधवारी ओट्यापाशी उभं राहावं असं फार वाटत होतं. नाही राहिले.

सगळ्यात अवघड गेलं ते तोंड बंद ठेवणं. कांदा जाड चिरलाय, मोहरी तडतडायच्या आधीच जिरं पडलंय, ओटा पुसलाय पण कडेला हळद तशीच. बाप तर एकदा पहिल्याच घासाला "मीठ?" म्हणाला आणि धाकटीने ताट पुढे सरकवलं. तेव्हापासून ठरलंय, बुधवारी पानात पडेल ते खायचं, फारच झालं तर मुकाट्याने दही घ्यायचं.

परवाच्या बुधवारी दमून घरी आले. दार धाकटीने उघडलं आणि चपला काढायच्या आत सांगून मोकळी झाली, "आई, शेपूची भाजी आहे. तुला आवडत नाही, माहितीये. पण जुडी पिवळी पडायला लागली होती."